स्टेरॉइड घडतं कुठे, मोडतं कुठे: वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या पत्रांपैकी एक तान्ह्या बाळाच्या वडिलांचं आहे, एक ज्येष्ठमध खाणाऱ्या आजोबांचं, तर एक गजकर्णाने बेजार झालेल्या वाचकाचं. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण सगळ्यांचं मूळ एकाच ठिकाणी आहे: कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड संप्रेरकं घडवणारी आणि काम झालं की ती मोडणारी एन्झाइमं. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन असतात. पहिलं एन्झाइम त्यातले सहा छाटतं आणि २१ कार्बनांचं प्रेग्नेनोलोन उरतं. त्यापासून पुढे कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरोन होतात (२१ कार्बन), टेस्टोस्टेरोन होतं (१९) आणि इस्ट्रोजेन होतं (१८). या साखळीतली कुठली कडी अडली किंवा सुटली, हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

प्रश्न: आमच्या मुलाला जन्मानंतर सोळाव्या दिवशी सतत उलट्या सुरू झाल्या. सोडियम ११८, पोटॅशियम ७.२ आणि १७-ओएचपी (कॉर्टिसोल घडण्याआधीचा कच्चा माल) प्रचंड वाढलेलं. ‘सीएएच’ (ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार) असं निदान झालं. औषधं सुरू आहेत, बाळ आता चार किलोचं आहे. जनुक तपासणीत बाळाच्या सीवायपी२१ए२ जनुकात ‘आय२जी’ हा दोष होमोझायगस, म्हणजे दोन्ही प्रतींत, असल्याचं लिहिलं आहे. बायकोच्या एका प्रतीत तोच दोष आहे. माझा रिपोर्ट मात्र पूर्ण नॉर्मल. त्यावरून नातेवाइकांत नको ती कुजबुज सुरू झाली आहे. हे कसं शक्य आहे? पुढच्या बाळाचं काय?
— एक वडील, जळगाव

उत्तर: कुजबुज करणाऱ्यांना सांगा की प्रयोगशाळेने जनुकाची अक्षरं वाचली, प्रती मोजल्या नाहीत.

सीवायपी२१ए२ हे जनुक सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर असतं. त्याच्यापासून सुमारे ३० हजार अक्षरांवर त्याचं जुळं भावंड आहे, सीवायपी२१ए१पी. ते निकामी आहे, पण एन्झाइमची कृती लिहिलेल्या भागांत दोघांची अक्षरं ९८ टक्के सारखी आहेत. बीजपेशी तयार होताना दोन गुणसूत्रं एकमेकांशेजारी लागतात. तेव्हा शर्टाचं बटण एक काज सोडून पुढच्या काजात लागावं तशी ही भावंडं चुकून एकमेकांसमोर येतात. परिणामी एका गुणसूत्रातून मधला ३० हजार अक्षरांचा तुकडाच गळतो. उरतं ते पुढून निकामी आणि मागून चांगलं असं जोडजनुक, आणि त्यातून कामाचं एन्झाइम होत नाही.

आता तुमचं घर बघा. तुमच्या एका गुणसूत्रावर निरोगी जनुक आणि दुसऱ्यावर ही गळती असेल, तर वाचायला एकच प्रत मिळते, ती निरोगी असते, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. बाळाला तुमच्याकडून गळती आणि आईकडून आय२जी मिळाला. त्याच्यातही वाचायला एकच प्रत, आणि तिच्यात सगळीकडे आय२जी. म्हणून यंत्राने ‘दोन्ही प्रतींत’ असं छापलं. रिपोर्ट खोटा नाही, अर्धा आहे.

म्हणून बाळ, आई आणि तुम्ही अशा तिघांची एमएलपीए ही प्रती मोजणारी तपासणी करून घ्या. गळती असेल तर ती त्यात दिसते. एमएलपीएमध्ये काहीच सापडलं नाही तर दुसरा संशय तपासणीच्याच पहिल्या पायरीवर घ्यायचा. पीसीआरमध्ये जनुकाच्या प्रती वाढवताना कधीकधी दोनपैकी एक प्रत वाढतच नाही, आणि आय२जीच्या जागी हे वारंवार घडतं. अशा वेळी वेगळे प्रायमर (प्रत काढायला कुठून सुरुवात करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेऊन, फक्त खऱ्या जनुकाला चिकटतील अशा लाँग-रेंज पीसीआरने पुन्हा वाचन करावं लागतं. दोष पालकांकडून न येता बाळात नव्याने निर्माण होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे तो विचार सर्वांत शेवटी. रिपोर्टच्या तळाशी ‘पद्धत’ म्हणून जी बारीक अक्षरांतली ओळ असते, ती नक्की वाचा. तिथे नुसतं ‘एक्झोम’ किंवा लहान तुकड्यांचं एनजीएस असेल, तर या एका जनुकापुरता त्यावर विसंबू नका. लहान तुकडा खऱ्या जनुकाचा की जुळ्या भावंडाचा, हे संगणकाला ओळखता येत नाही.

आजाराबद्दल थोडक्यात. सीवायपी२१ए२ जनुकापासून घडणारं २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम रेणूच्या २१व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवतं. ते नसलं की कॉर्टिसोल होत नाही आणि अंगात मीठ राखणारं अल्डोस्टेरोनही होत नाही. मेंदूतली पिट्युटरी एसीटीएच हे हुकूम देणारं संप्रेरक वाढवून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला चाबूक मारत राहते, कच्चा माल (१७-ओएचपी) तुंबतो आणि उघड्या असलेल्या एकमेव वाटेने, म्हणजे पुरुष संप्रेरकांकडे, वाहून जातो. मुलीच्या बाह्य जननेंद्रियात जन्मतःच फरक दिसतो, म्हणून निदान लवकर होतं. मुलगा दिसायला अगदी सर्वसाधारण असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मीठ गळून तो कोसळतो, आणि बऱ्याचदा जुलाब-उलट्या समजून उपचार होतात. पोटॅशियम चढलेलं आणि सोडियम उतरलेलं दिसलं, तर सीएएचचा विचार त्याच क्षणी व्हायला हवा.

आता रोजचं. हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते: दर चौरस मीटरला दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, तीन भागांत (निदानानंतर सुरुवातीला डॉक्टर थोडी जास्त ठेवतात). चार किलोच्या बाळाचं पृष्ठफळ साधारण ०.२५ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला अडीच ते पावणेचार मिलिग्रॅम. एका वेळी जेमतेम एक मिलिग्रॅम. इथेच घरोघरी चूक होते. १० मिलिग्रॅमची गोळी दहा मिली पाण्यात घोटून ‘एक मिली पाजा’ हे सोपं वाटतं, पण हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. सकाळी बाळाला नुसतं पाणी मिळतं आणि रात्री गाळ. औषधविक्रेत्याकडून वजन करून पुड्या बांधून घ्या, किंवा ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे भाग करा. प्रत्येक भाग पाजायच्या क्षणीच चमचाभर दुधात कुस्करून पूर्ण द्या. वाढत्या मुलाला सोयीसाठी डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुणी सुचवलं तर कारण विचारा. ती औषधं उंची खुंटवतात.

सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन (दिवसाला ५० ते २०० मायक्रोग्रॅम) आणि पहिल्या वर्षात साधं मीठ, दिवसाला एक ते दोन ग्रॅम, दुधाच्या वेळांत वाटून. ‘चिमूटभर’ हे माप नव्हे. चहाचा सपाट चमचा मीठ म्हणजे जवळपास सहा ग्रॅम. १७-ओएचपी अगदी नॉर्मल आणण्याच्या मागे लागू नका. ते नॉर्मल झालं म्हणजे बहुधा स्टेरॉइड जास्त पडतं आहे.

ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०१.३ फॅरनहाइटच्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोन तिप्पट करायचं, ताप उतरेपर्यंत. डोसनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा एकदा द्या. पुन्हा उलटी झाली, बाळ मलूल झालं, तर वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तीन वर्षांखाली २५ मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षं ५०, त्यापुढे १००. आपल्याकडे १०० मिलिग्रॅमची भुकटीची बाटली मिळते. तिच्यात दोन मिली इंजेक्शनचं पाणी घातलं की २५ मिलिग्रॅम म्हणजे अर्धा मिली. हे आधीच डॉक्टरांसमोर एकदा करून बघा. रात्री दोन वाजता पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. बाटली, पाणी, सिरिंज आणि निदानाचं पत्र एका डब्यात ठेवा आणि इंजेक्शननंतर थेट रुग्णालयात जा.

पुढचं बाळ: दर गरोदरपणात चारात एक शक्यता, मुलगा असो वा मुलगी. तिघांचे दोष पक्के झाले असतील तर १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा तुकडा तपासता येतो. ते पक्के नसतील तर ती तपासणी निरर्थक आहे, म्हणून एमएलपीए आत्ताच करा. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेचं रक्त फिल्टर पेपरवर द्यायचं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, किंवा नमुना पहिल्याच दिवशी घेतला असेल, तर १७-ओएचपी आजार नसतानाही चढं येतं. तेव्हा घाबरून न जाता दुसरा नमुना द्या. आजार वाटतो तितका विरळा नाही. आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत एक लाखावर नवजात बाळं तपासली, तेव्हा ५,७६२ बाळांमागे एक असं प्रमाण निघालं.

प्रश्न: वय २४. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, केसगळती. पीसीओएस (अंडाशयाचा विकार) आहे की ‘लेट ऑनसेट सीएएच’ (उशिरा दिसणारा सौम्य सीएएच) हे बघायला १७-ओएचपी केलं. एका लॅबमध्ये ३.१ आलं, दुसरीत ९.४. तिप्पट फरक! कुठल्या लॅबवर विश्वास ठेवू? (नमुना पाळीच्या १९व्या दिवशी, सकाळी ११ वाजता दिला. केसांसाठी बायोटिन १० मिलिग्रॅम रोज घेते.)
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दोन्ही लॅबचं उत्तर एकच आहे. पहिलीचं एकक नॅनोग्रॅम प्रति मिली, दुसरीचं नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला ३.०३ ने गुणा: ३.१ चे ९.४ होतात. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर छापतात, तिथे हाच आकडा ३१० दिसेल.

पण आकडा जुळला तरी नमुना चुकला आहे, आणि तोही तीन ठिकाणी. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयातला पीतपिंड स्वतःच १७-ओएचपी बनवतो, म्हणून १९व्या दिवशी निरोगी बाईचाही आकडा चढलेला असू शकतो. शिवाय ॲड्रिनलचं काम पहाटे जोरात असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. सौम्य दोष पकडायचा तर तो त्या जोराच्या वेळीच दिसतो. तिसरी भानगड बायोटिनची. रक्तातली संप्रेरकं मोजणारे बरेच संच बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या घट्ट पकडीवर चालतात. गोळीतलं बायोटिन रक्तात फिरत असलं की ते ही पकड आधीच बळकावतं आणि स्टेरॉइडचे आकडे खोटे चढतात. टीएसएच उलट खोटं उतरतं. तुमचा थायरॉइडचा रिपोर्ट त्याच नमुन्याचा असेल तर तोही बाजूला ठेवा.

पुन्हा द्या: पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी आठच्या आत, बायोटिन तीन दिवस बंद ठेवून. जमल्यास मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजणारी लॅब निवडा, तिला बायोटिनचा फरक पडत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आकडा २ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आला तर सौम्य सीएएच जवळपास बाद. १० च्या वर आला तर निदान झालंच. मधे अडकला तर एसीटीएच चाचणी: २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आणि ६० मिनिटांनी पुन्हा रक्त. तेव्हा १० ओलांडले की सीएएच धरायचं.

सौम्य सीएएच निघालं म्हणून लगेच स्टेरॉइड सुरू करायची गरज नसते. पुरळ, केस आणि पाळी यांवरचे उपाय पुष्कळदा पीसीओएससारखेच राहतात. पण मूल हवं असेल त्याआधी जोडीदाराचं सीवायपी२१ए२ जरूर तपासा. सौम्य आजाराच्या अनेकींच्या दोनपैकी एका प्रतीत दोष तीव्र असतो. जोडीदारही तीव्र दोषाचा वाहक निघाला, तर वरच्या पत्रातल्या बाळासारखं मूल होण्याची शक्यता खरी आहे.

प्रश्न: वय ६२. खोकला आणि ॲसिडिटी दोन्हींसाठी तीन महिने ज्येष्ठमधाची पूड सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घेतो. रक्तदाब १२८/८० चा १६८/९६ झाला, पायांत गोळे येतात, पोटॅशियम २.८. डॉक्टर म्हणाले ज्येष्ठमध बंद करा. मुळीत काही मीठ नसतं, मग रक्तदाब कशाने वाढेल?
— एक आजोबा, सांगली

उत्तर: डॉक्टरांचं बरोबर आहे. मीठ मुळीत नाही, ते तुमची मूत्रपिंडं धरून ठेवत आहेत.

मूत्रपिंडात मीठ राखण्याचा हुकूम अल्डोस्टेरोन देतं. ते ज्या रिसेप्टरवर (पेशीतल्या हुकूम घेणाऱ्या जागेवर) बसतं, त्यावर कॉर्टिसोलही तितक्याच सहज बसतं, आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरोनच्या शेकडो पट असतं. मग रोज गोंधळ का होत नाही? कारण त्याच पेशीत ११-बीटा-एचएसडी-२ हे एन्झाइम असतं. ते कॉर्टिसोल येताक्षणी त्याचं कॉर्टिसोन करून टाकतं आणि कॉर्टिसोन त्या रिसेप्टरवर बसत नाही. ज्येष्ठमधाचा गोडवा ज्या ग्लिसराय्झिनमुळे आहे, त्यापासून पोटात होणारं आम्ल नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग कॉर्टिसोल सर्रास अल्डोस्टेरोनचं काम करू लागतं: सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, रक्तदाब वर.

हिशेब करू. चहाचा एक चमचा पूड अडीच ते तीन ग्रॅम, दिवसाला पाच-सहा ग्रॅम. मुळीत ग्लिसराय्झिन चार टक्के धरलं तर दिवसाला २०० ते २४० मिलिग्रॅम. युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने रोजच्या सेवनासाठी सुचवलेली मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. काही जण त्याखालीही बिघडतात, विशेषतः वयस्कर आणि आधीच रक्तदाब असलेले. गाण्याआधी तोंडात काडी धरणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. रोजचा चमचा, महिनोन्‌महिने, ही वेगळी गोष्ट. अर्काच्या गोळ्यांत प्रमाण आणखी जास्त असू शकतं. पाकिटावर ‘डीजीएल’ असेल तर त्यातून ग्लिसराय्झिन काढून टाकलेलं असतं.

रेनिन (मूत्रपिंडातून येणारं, अल्डोस्टेरोन वाढवायला सांगणारं) आणि अल्डोस्टेरोन तपासा. ज्येष्ठमधाने दोन्ही तळाला जातात. अल्डोस्टेरोन चढं आणि रेनिन तळाला असेल, तर ॲड्रिनलमध्येच गाठ किंवा वाढ शोधावी लागेल. पूड बंद केल्यावर परिणाम ओसरायला दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर पोटॅशियम डॉक्टरांच्या देखरेखीखाली भरून काढा आणि रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी चालू असेल तर त्यांना लगेच सांगा, ती पोटॅशियम आणखी घालवते. हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असाल तर आजच फोन करा. २.८ पोटॅशियम आणि डिगॉक्सिन ही जोडी धोक्याची आहे.

(हेच एन्झाइम जन्मतः नसलेली मुलंही असतात. १६व्या गुणसूत्रावरचं एचएसडी११बी२ जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं की लहान वयात भयंकर रक्तदाब, पोटॅशियम कमी, आणि अल्डोस्टेरोन जवळपास शून्य.)

प्रश्न: दम्यासाठी ब्युडेसोनाइड इनहेलर, दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम, पाच वर्षं काही त्रास नव्हता. मांडीवरच्या गजकर्णासाठी दोन महिने इट्राकोनाझोल घेतलं. आता चेहरा गोल, वजन सहा किलो वाढलं, पोटावर जांभळे पट्टे. डॉक्टर म्हणतात, स्टेरॉइड जास्त झालं. पण सकाळचं कॉर्टिसोल तर ०.८ आलं, म्हणजे कमी!
— एक वाचक, ठाणे

उत्तर: दोन्ही खरं आहे. इनहेलरचा बराच भाग घशात चिकटून पोटात जातो. एरवी आतडं आणि यकृत यांतलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग रक्तात मिसळण्याआधीच मोडून टाकतं. ब्युडेसोनाइड इतकी वर्षं निर्धोक चाललं ते या मोडतोडीच्या भरवशावर. इट्राकोनाझोल नेमकं सीवायपी३ए४ अडवतं. त्यामुळे तोच इनहेलर, तेवढेच फवारे, पण अंगात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्यासारखी स्थिती. बाहेरून एवढं स्टेरॉइड मिळाल्यावर पिट्युटरीने एसीटीएच थांबवलं आणि ॲड्रिनल झोपी गेली. कॉर्टिसोलच्या चाचणीला ब्युडेसोनाइड दिसत नाही, तिला फक्त झोपलेली ग्रंथी दिसते.

खरा धोका आता आहे. इट्राकोनाझोल थांबवलं की सीवायपी३ए४ काही दिवसांत-आठवड्यांत पुन्हा कामाला लागेल, ब्युडेसोनाइड मोडलं जाईल आणि स्वतःचं कॉर्टिसोल मात्र नसेल. म्हणून इनहेलर किंवा दुसरं काहीही परस्पर बंद करू नका. साधारणपणे हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम देऊन ग्रंथी जागी होण्याची वाट बघतात. सकाळी आठला, आदल्या दुपारपासून गोळी न घेता, कॉर्टिसोल मोजायचं: डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बहुधा ग्रंथी जागी झाली, ५ च्या खाली असेल तर गोळी चालूच. याला काही महिने लागू शकतात. तोवर ताप, उलट्या, शस्त्रक्रिया अशा वेळी मात्रा वाढवावी लागते, हे घरातल्यांनाही सांगून ठेवा.

गजकर्णासाठी टर्बिनाफिन सीवायपी३ए४ अडवत नाही, आणि दम्यासाठी बेक्लोमेथासोन या बाबतीत कमी अडचणीचं. बदल डॉक्टरांकडूनच. आणखी एक विचारावंसं वाटतं: दुकानातून आणलेलं तीन-चार औषधांचं ‘मिक्स’ मलम लावत होता का? त्यात क्लोबेटासोल असेल तर तेही हिशेबात धरा. गजकर्ण लवकर न जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिरही हीच वाट अडवतात.

क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन बरोबर उलटं वागतं, सीवायपी३ए४ वाढवतं. ॲडिसनचा आजार (ॲड्रिनल निकामी होणं) असलेल्याला क्षयाचे उपचार सुरू झाले की हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा बऱ्याचदा दुप्पट करावी लागते. गर्भनिरोधक गोळ्याही रिफाम्पिसिनच्या काळात आणि ते थांबल्यावर चार आठवडे भरवशाच्या नसतात.

प्रश्न: वडील (७०) प्रोस्टेटसाठी वर्षभर फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम घेतात. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ४.२ वरून २.६ झालं. आनंदाची बातमी ना? मी स्वतः टक्कल पडू नये म्हणून तेच १ मिलिग्रॅम घेतो, आणि आम्ही मुलाचा विचार करतो आहोत.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: आनंद जरा थांबवा. फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणतं, प्रोस्टेटमध्ये काही बिघाड असो वा नसो. म्हणून आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा: २.६ चे ५.२. म्हणजे पीएसए उतरलं नाही, वाढलं आहे. हे कर्करोगच असं नव्हे, पण मूत्ररोगतज्ज्ञांना गोळीचं नाव सांगून दाखवाच. घरातल्या लोकांनी लॅबच्या फॉर्मवर ही गोळी लिहिली नाही, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं.

ही गोळी ५-अल्फा-रिडक्टेज प्रकार २ अडवते. टेस्टोस्टेरोनचं त्याहून जोरकस डीएचटी करणारं हे एन्झाइम. त्याची ओळख पटली ती डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावामुळे. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना पुरुषी होत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये त्याचं कारण हे एन्झाइम असल्याचं दाखवलं. या माणसांची प्रोस्टेट लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. औषधाची कल्पना तिथूनच आली. गर्भातल्या मुलाच्या जननेंद्रियाच्या घडणीला डीएचटी लागतं, हेही त्यातून कळलं. म्हणून गरोदर बाईने फुटलेली किंवा चुरा झालेली गोळी हाताळू नये.

तुमच्याबद्दल: काहींची शुक्रजंतूंची संख्या फिनास्टेराइडने उतरते आणि थांबवल्यावर सुधारते. वीर्यतपासणी करा. संख्या कमी निघाली तर गोळी थांबवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. रक्तदान शेवटच्या गोळीनंतर महिन्याने. ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिने थांबायचं. ते अंगातून फार सावकाश जातं.

प्रश्न: मला (४३) आणि थोरल्या बहिणीला (५९) सारख्याच, इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या प्रकारचा स्तनाचा कर्करोग. तिला लेट्रोझोल, मला टॅमॉक्सिफेन. तिचं औषध अधिक चांगलं म्हणतात, मग मला ते का नाही?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: लेट्रोझोल ॲरोमाटेज अडवतं, म्हणजे इस्ट्रोजेन घडवणारं शेवटचं एन्झाइम. पाळी गेलेल्या तुमच्या बहिणीत ते मुख्यतः चरबीत काम करतं आणि २.५ मिलिग्रॅमची रोजची गोळी ते पुरतं बंद पाडते. तुमची अंडाशयं चालू आहेत. इस्ट्रोजेन उतरलं की पिट्युटरी एफएसएच हे अंडाशयाला कामाला लावणारं संप्रेरक वाढवते आणि अंडाशय दुप्पट जोराने कामाला लागतं. वंध्यत्वाच्या उपचारात पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस हीच गोळी देतात ती याच कारणासाठी! टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन घडवणं थांबवत नाही, स्तनातल्या रिसेप्टरवर जागा अडवून बसतं, म्हणून ते तुमच्यात चालतं. लेट्रोझोल द्यायचंच ठरलं तर सोबत अंडाशय शांत करणारी इंजेक्शनं लागतात. बहिणीने हाडांची घनता तपासून घ्यावी. लेट्रोझोलने ती उतरते.

प्रश्न: मुलाने अमेरिकेतून प्रेडनिसोन पाठवलं. इथे प्रेडनिसोलोन चालू आहे. बदललं तर चालेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर: मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखंच. प्रेडनिसोन स्वतः निष्क्रिय असतं; यकृतातलं ११-बीटा-एचएसडी-१ त्याचं प्रेडनिसोलोन करतं. यकृताचा सिऱ्होसिस असेल तर हे रूपांतर भरवशाचं राहत नाही, तेव्हा इथलंच चालू ठेवा. कातडीवर तर हे काम जवळपास होतच नाही, म्हणूनच मलम हायड्रोकॉर्टिसोनचं मिळतं, कॉर्टिसोनचं नाही.